कुंकवाची खाच

सख्ख्या भावाचं तेरावं आटोपलं आणि चौदाव्या दिवशी हा मेला कारखान्यातली चाकं उचलून घेऊन गेला. वहिनीला विचारणं राहिलं बाजूला, दारात चपलासुद्धा काढल्या नाहीत! गिरधरचं हे वागणं धुरपदाबाईने अख्ख्या अमळनेरला ऐकवलं होतं.

त्या दोन चाकांपायी तिच्या नवऱ्याने, चुडामण मिस्तरीने, सात वर्षं घातली होती. चाकं गोल नव्हती, अंड्यासारखी लांबट. विहिरीच्या पंपाचा दांडा पाणी घेऊन सावकाश वर यावा, रिकामा झपकन खाली जावा, म्हणजे लहान इंजिनालाही पेलावं, यासाठी तो घाट. दात किती बसतील हे परातीतल्या पिठात तशीच लांबट गोल रेघ ओढून, तिच्यावर हरभरे मांडून धुरपदाबाईनेच मोजलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने!

चाक आसावर पक्कं करणारी लोखंडी पाचर, म्हणजे चावी, ठोकायची खाच मिस्तरीने पहिल्यांदा उलट्या बाजूला कापली होती. मग समोर दुसरी कापली. पुन्हा चूक नको म्हणून दर दसऱ्याला खऱ्या खाचेत कुंकू भरलं जाई.

गिरधरने ते कुंकू रॉकेलने धुतलं, चाकांना हिरवा रंग फासला आणि वर पांढऱ्या अक्षरांत स्वतःचं नाव काढलं.

भडगावला पितांबर नानांच्या विहिरीवर त्या चाकांची करामत पाहायला केळीवाले जमले, त्या दिवशी धुरपदाबाई एस.टी.ने येऊन थारोळ्यावर, पंपाचं पाणी पडतं त्या हौदाच्या काठावर, बसली.

"वहिनी, तुम्ही कशाले उनात?" गिरधर चपापला.

"तुना शोध पाहाले."

इंजिन सुरू झालं. दांडा पाणी घेऊन हिसक्याने वर आला, इंजिन धापा टाकू लागलं, पट्टा निसटला. रिकामा दांडा मात्र वरबापासारखा रमतगमत खाली गेला. तीनदा तेच.

"इंजिनमा दम नही शे," गिरधर म्हणाला.

"इंजिन मनं शे," नाना गुरकावले. "तेले नावं ठेवू नको."

केळीवाले हसले. चौथ्यांदा पट्टा निसटेपर्यंत धुरपदाबाई हलली नाही. तिला घाई नव्हती.

"नाना, चाकाला दोन खाचा कशाला, विचारा त्याला."

"एक झिजली तर दुसरी," गिरधर पुटपुटला.

ती खदखदून हसली. कमरेची पुडी सोडून तिने नानांपुढे धरली. "मला आता कुंकवाला हात लावता येत नाही. समोरच्या खाचेत तुम्ही भरा, आणि चावी तिथे ठोका."

चावीची खाच बदलली. दांडा संथ वर आला, झपकन खाली गेला. थारोळं भरून पाणी पाटाने केळीत शिरलं.

गिरधर जवळ आला. "वहिनी, घरातली गोष्ट घरात. दोघा भावांचं नाव टाकू."

नवऱ्याचं नाव तिने जन्मात उच्चारलं नव्हतं. ती उभी राहिली.

"हे चाक चुडामण मिस्तरीचं! तू त्याचा फक्त चोर. कानस घे गिरधर, या बठ्ठ्या लोकांसमोर तुझं नाव तुझ्या हाताने खरवड. मग चाकं डोक्यावर घेऊन माझ्या मागे चाल. आणि दारात चपला काढ."