पहिल्या ओळीच्या आधी

चैतू बोलेल की नाही, या काळजीनं जयाची झोप उडाली होती. पोरीला तिसरं वर्ष लागलं, हाक मारली की ती वळून बघायची, हसायची, पण तोंडातून शब्द म्हणून नाही. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी कान तपासून ‘बोलेल’ म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, “पोटात होती तवा तू त्या कॉम्प्युटरपुढंच बसून राह्यची, बाई.” आणि डिप्लोमा केलेल्या जयाला डॉक्टरांपेक्षा सासूबाईंचंच जास्त पटलं, याची तिला स्वतःलाच लाज वाटत होती.

दिवाळीनंतर वडसा गावात नाटक कंपन्यांची ऑफिसं गजबजतात. नोकरीसाठी नागपूरला गेलेल्या पोरांना गावच्या मंडईचं, म्हणजे जत्रेतलं नाटक तिकडूनच ठरवता यावं, म्हणून गुणवंतरावांनी आपल्या कंपनीची वेबसाइट जयाकडून करून घेतली होती. ती आता अडली होती. लॉगिन केलं की पानाच्या माथ्यावर पीएचपी या वेबसाइटच्या भाषेचा इशारा उमटायचा: सेशन सुरू करता येत नाही, आउटपुट, म्हणजे पानाचं बोलणं, आधीच सुरू झालेलं आहे. ठिकाण, पहिली ओळ.

“हे वर काऊन येऊन राह्यलं, जयाबाई?” आपल्या ऑफिसात तिच्या खांद्यावरून बघत गुणवंतरावांनी विचारलं.

“फाइलीत सुरुवातीच्या खुणेआधी मोकळी जागा राह्यली की येते, भाऊ. तेवढीही चालत नाई त्याले.”

“मोकळ्या जागेचा एवढा राग? आमचा मंडप पाह्यला तर मरूनच जाईन ते.”

जया हसली. पण मोकळी जागा नव्हतीच. तिनं फाइल पुसून नव्यानं टाइप केली, दुसऱ्या एडिटरमधून सेव्ह करून पाहिली, तरी कुणीतरी पहिल्या ओळीच्या आधी काही बोलून गेलं होतं आणि ते दिसत नव्हतं. मग ती शिकल्याप्रमाणे एका वेळी एकच गोष्ट बदलून बघू लागली. असंच एकदा चैतूला सासूबाईंकडे ठेवून आली, तर इशारा नाही. दुसऱ्या दिवशी चैतूला घेऊन आली, तर इशारा हजर. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. नवऱ्याला, प्रफुलला, तर नाहीच.

त्या दुपारी भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे तिचं लक्ष गेलं. फोटोत तिचे वडील होते, डोमाजी, याच कंपनीचे प्रॉम्प्टर, चैतूच्या जन्माआधीच वारलेले. इकडच्या झाडीपट्टी नाटकांतले नट पाठांतर फारसं करत नाहीत. रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून प्रॉम्प्टर वाक्य पुरवतो, मग नट ते रंगवून म्हणतो. लहानपणी जया त्या खड्ड्यात बाबांच्या मांडीला टेकून, शालीतल्या बिडीच्या वासात नाटकं ऐकायची. प्रत्येक वाक्य दोनदा यायचं, आधी बाबांचं, हलकं, घाईचं, कसलाही भाव नसलेलं, आणि मागोमाग वरून नटाचं, रडणारं, गरजणारं. लोक डोळे पुसत ते वरच्या आवाजासाठी. जयाला मात्र खरं नाटक खालीच होतं असं वाटायचं, आणि ती ऊब पुन्हा कुठंच मिळाली नाही.

“चहा सांगू का?” गुणवंतराव म्हणाले.

जयाची नजर तेव्हा टेबलाखाली बसलेल्या चैतूवर होती. पोरीचे ओठ हलले होते. गुणवंतराव बोलायच्या आधी हलले होते.

“आलं टाकून?” त्यांनी विचारलं. त्याहीआधी ओठ हलले, आवाज न करता, त्या वाक्याला लागेल तेवढाच वेळ.

जया खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. हे पोर मुकं नव्हतं, ते सारखं बोलतच होतं, सगळ्यांच्या आधी. तिला जवळ ओढून काहीतरी विचारावं म्हणून जयानं तोंड उघडलं, आणि काय विचारायचं ते तिला सुचेना.

मागे दाराची कडी वाजली. गुणवंतराव हळूहळू उठून उभे राहिले. त्यांची नजर आधी दाराकडे गेली, मग भिंतीवरच्या फोटोकडे, मग पुन्हा दाराकडे. बिडीचा वास आला. जयानं मान वळवली नाही.

चैतूनं गुणवंतरावांकडे पाहिलं नाही. ती आईच्या तोंडाकडे पाहत होती, खड्ड्यातून प्रॉम्प्टरनं नटाकडे पाहावं तशी, आणि आता पाळी आपली आहे हे जयाला कळलं.

मग इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो आवाज आला, हलका, घाईचा, कसलाही भाव नसलेला.

“बाबा, तुमी कवा आले?”