उडता पैलवान

कसबा बावड्यातल्या बंगल्यात नीलम्मा स्वयंपाकघराच्या फरशीवर मेथी निवडत बसली होती, तेव्हा शांभवी मोबाईल घेऊन आत आली. हसून हसून पोरीला धड बोलताही येत नव्हतं.

"दोड्डव्वा, हे बघ की! आख्खं जग ह्याच्या मागं लागलंय, आणि हे आपल्या कोल्हापूरचं हाय!"

शांभवी म्हणजे नीलम्माच्या धाकट्या दिराची, शिवप्रसादची मुलगी. घरच्या कानडी रिवाजाप्रमाणे ती नीलम्माला दोड्डव्वा, म्हणजे थोरली आई म्हणायची. नीलम्मानं पदराला हात पुसले, चष्मा वर सरकवला आणि पाहिलं.

पडद्यावर प्लास्टिकचा वीतभर बाहुला होता. अंग पैलवानाचं, दंड फुगलेले, कमरेला निळा लंगोट, पाठीवर वाऱ्यानं उडाल्यासारखा लाल टॉवेल. पण त्या दणकट धडावर तोंड मात्र बारक्या पोराचं, गोल, गोबरं. त्या गोबऱ्या तोंडावर जाड काळी मिशी. आणि उजव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली आलेली.

शांभवी बोटानं चित्रं सरकवत गेली. ब्राझीलमध्ये कुणाच्या तरी काचेच्या कपाटात तो बाहुला उभा होता. जपानमधल्या एका पोरीच्या टी-शर्टवर होता. एका दाढीवाल्या गोऱ्यानं तर तो दंडावर गोंदवून घेतला होता. जगभरातली चमत्कारिक खेळणी गोळा करणारे लोक त्याला 'स्लीपी अंकल' म्हणत. सोमवारी कामावर जायचं जिवावर आलं की एकमेकांना त्याचा फोटो धाडत.

"स्लीपी म्हंजे?" नीलम्मानं विचारलं.

"झोपाळू. झोपाळू काका."

एवढ्यात शिवप्रसाद आत आला. त्यानं मोबाईल हातात घेतला आणि दारातच थबकला. "आयला! हे तर आपलं उडतं पैलवान! वैनी, बगितलासा का? हे येडं ध्यान अजून जित्तं हाय!" तो खो खो हसला. बायकोला हाक मारली, ड्रायव्हरला हाक मारली. सगळे मोबाईलभोवती जमून हसले. नीलम्मा मेथीची काडी हातात धरून तशीच बसली. कुणाचं तिच्याकडं लक्ष गेलं नाही.

ते तोंड चन्नूचं होतं. तिच्या लेकाचं.

गोष्ट तीसेक वर्षांमागची. तेव्हा बंगला नव्हता, मोटार नव्हती. उद्यमनगरात पत्र्याच्या एका शेडमध्ये रुद्राप्पा आणि शिवप्रसाद हे दोघे भाऊ प्लास्टिकची खेळणी करायचे. शिट्ट्या, भिंगऱ्या, मोटारी. जत्रेतले दुकानदार पोत्यानं माल उचलायचे. थोरला रुद्राप्पा लोखंडी साचे घडवायचा, धाकटा शिवप्रसाद बाजार बघायचा, आणि नीलम्मा शेजारच्या दोघी बायकांना घेऊन रंग द्यायची.

नीलम्माला एकच मूल झालं. चन्नबसव. जन्मतःच त्याच्या उजव्या डोळ्याची पापणी पडलेली होती. गल्लीतली पोरं त्याला पेंगूळ म्हणून चिडवायची. त्याला त्याचं काहीच वाटत नसे. शेजारच्या टीव्हीवर एक परदेशी उडता वीर लागायचा, तो बघून आला की चन्नू बापाचा लाल टॉवेल गळ्याला बांधायचा आणि कट्ट्यावरून उड्या मारायचा. "अव्वा, मी उडालो, बगितलीस?" असं रोज विचारायचा. नीलम्मा चुलीपुढून मान न वळवताच म्हणायची, "बगितलं, बगितलं."

सहा वर्षांचा असताना त्याला ताप आला. दवाखान्यात नेईतो ताप मेंदूत गेला होता. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून मूठमाती दिली. परत येताना रुद्राप्पा मागे बघत नव्हता आणि पुढेही बघत नव्हता.

मग तो शेडमध्ये जाऊन बसला. पुष्कळ दिवस कानस आणि छिन्नी घेऊन एकच साचा घासत होता. जेवायला बोलवलं तर "येतो" म्हणायचा आणि यायचा नाही. साचा झाला, पहिला बाहुला निघाला, तेव्हा त्यानं तो गरम गरमच आणून नीलम्माच्या हातात दिला. नीलम्मा तिथंच रंगाच्या डब्यांमध्ये खाली बसली. चन्नू मोठा झाला असता, तालमीत गेला असता, पैलवान होऊन खरोखरच उडाला असता, तर कसा दिसला असता, ते त्यानं घडवलं होतं. तोंड मात्र मोठं करायला त्याचा हात धजला नव्हता.

शिवप्रसादनं बाहुला बघितला. त्यानंही ओळखलंच. म्हणाला, "अण्णा, जत्रंत असली तोंडं इकत न्हाईत. पैलवान हाय का बारकं पोरगं, कायच कळंना. मिशी तरी काढा."

"डोळ्याला हात लावायचा न्हाय," एवढंच रुद्राप्पा बोलला.

म्हणून मिशी आली. ती काढायला नीलम्माच बसली. दुसऱ्या बायकांच्या हाती ते तोंड द्यायचं तिच्या जिवावर आलं. दिवसभर ती लेकाच्या ओठावर काळा रंग ओढत राहायची आणि बाहुले वाळत घातलेल्या फळीकडं पाठ करून भाकरी खायची.

माल खपला नाही. पोरं म्हणायची, हा रडतोय. दुकानदारांनी पोती परत आणून टाकली. शिवप्रसादनं उरलेला माल मुंबईच्या एका निर्यातवाल्याला मातीमोलानं देऊन टाकला आणि एक दिवस भाऊ घरी नसताना साचा भंगारात घातला. रुद्राप्पानं शेडमध्ये पुन्हा पाऊल टाकलं नाही. दुसऱ्याच्या लेथवर काम करत राहिला आणि काही वर्षांनी झोपेतच गेला. शिवप्रसादनं दुधाचे क्रेट करायला घेतले, त्यात त्याचं बस्तान बसलं. विधवा भावजयीला त्यानं बंगल्यात मागची खोली दिली. लोक म्हणायचे, दीर असावा तर असा. चन्नूचं नाव मात्र त्या घरात कुणी काढत नव्हतं.

शांभवीनं बाहुल्याच्या तळव्यावरचं 'आर. एस. कोल्हापूर' हे दोघा भावांच्या आद्याक्षरांचं नाव ओळखून जगाला सांगितल्यावर महिन्याभरात हॉलंडहून यान नावाचा माणूस आला. उंच, लाजरा, पन्नाशीचा. अशा विचित्र वस्तूंचं त्याचं छोटं संग्रहालय होतं आणि तो त्यांच्यावर फिल्मा करायचा. शिवप्रसादनं त्याला फेटा बांधला, तांबडा-पांढरा रस्सा बाहेरून मागवला, कारण घरात मटण शिजत नव्हतं, आणि मग सोफ्यावर बसून कॅमेऱ्यापुढं बोलायला लागला.

"मीच केलतं ते. मुद्दाम तसा डोळा केला. म्हटलं, लोकांस्नी हसू आलं पायजे. कॉमेडी! आमच्या कोल्हापूरला कॉमेडी लई चालती."

शांभवी इंग्रजीत सांगत होती. नीलम्मा सरबताचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिनं ट्रे खाली ठेवला.

"भावजी, खोटं कशाला सांगताय?"

"वैनी, आत जावा."

"न्हाय जात. तीस वर्सं आतच हाय." ती यानकडं वळली. त्याला मराठी कळत नव्हतं, तरी ती त्यालाच सांगू लागली. "ते माझं पोरगं हाय. चन्नू त्येचं नाव. डोळा तसा न्हवता केला कुनी, देवानंच दिलता. आनि ती मिशी मी काढली. ह्या हातानं."

शांभवीला यातलं काहीच माहीत नव्हतं. मग ती एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेली आणि सांगता सांगता रडायला लागली. यानचेही डोळे भरले. त्यानं हात जोडले. काय करू, असं त्यानं शांभवीकरवी विचारलं.

"लोकांस्नी सांगा, हसू नका म्हनावं," नीलम्मा म्हणाली. "दुसरं काय नगं."

त्या रात्री तिला गाढ झोप लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लेकाचं नाव चार माणसांत तोंडातून निघालं होतं.

यान शब्दाला जागला. त्यानं सगळं जसंच्या तसं जगापुढं ठेवलं, आणि हसणं खरोखर थांबलं. लोक रडू लागले. हसणाऱ्यांहून रडणारे कितीतरी जास्त निघाले. कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका मोबाईलपुढं बसून रडत होत्या आणि ते रडणं जगाला दाखवत होत्या. चन्नूच्या नावानं मेणबत्त्या लागल्या. ज्यानं दंडावर गोंदवलं होतं, त्यानं खाली चन्नूचं नावही गोंदवलं. शांभवी एकेक आणून दाखवायची. नीलम्मा म्हणायची, "बरं, बरं," आणि मान फिरवायची.

शिवप्रसाद पहिले काही दिवस तिच्याशी बोललाच नाही. मग बाहेरच्या देशांतून मागण्या यायला लागल्या. एका सकाळी तो पेढे घेऊन मागच्या खोलीत आला आणि चक्क तिच्या पाया पडला.

"वैनी, तुमी लई मोठं काम केलासा. आता आपुन पैलवान परत काढायचा. खोक्यावर चन्नूची आख्खी गोष्ट छापायची, फोटोसकट."

"फोटो न्हाय द्यायचा."

"आवं, पर..."

"न्हाय म्हटलं की. एकच हाय त्यो."

शिवप्रसादचा आवाज चढला. "म्हंजे माझा कोन न्हवता त्यो? ह्या खांद्यावर बसवून जत्रंला नेलतं त्येला. तुमालाच तेवढं दुःख झालं व्हय?" आणि त्याचे डोळे खरेच ओले झाले. तो खोटं रडत असता तर बरं झालं असतं, असं नीलम्माला वाटलं.

फोटो देव्हाऱ्यात होता. तो तिथून हललाही नाही. खोकी छापून आली तेव्हा त्यांच्यावर चन्नू होता. शांभवीनं मोबाईलवर कधीच काढून घेतला होता.

"मला न इचारता?" नीलम्मानं एवढंच म्हटलं.

"दोड्डव्वा, आता तो फक्त तुझा नाही गं राहिला," शांभवी कळवळून म्हणाली. "सगळ्यांचा झालाय. चांगलंच हाय की ते." तिनं नवा बाहुला पुढं केला. "बघ, मिशी काढून टाकायला लावली मी. आता खरा चन्नू."

नीलम्मानं बाहुला हातात घेतला. जुन्या बाहुल्यावरून कॉम्प्युटरवर केलेलं तोंड गुळगुळीत होतं. पापणी आणखी खाली ओढली होती, लोकांना तेच हवं होतं म्हणून. ते तोंड कुणाचंच नव्हतं.

मग माणसं यायला लागली. कारखाना बघून झाला की शिवप्रसाद पाहुण्यांना घरी आणायचा. ते नीलम्माच्या हातात बाहुला द्यायचे, शेजारी उभे राहायचे, फोटो काढायचे. एकदा पुण्याचं एक जोडपं आलं. बायको गोड होती, नीलम्माचे हात हातात घेऊन बोलली. मग नवरा मोबाईल धरून म्हणाला, "आजी, त्या व्हिडिओत बोलला होतात ना, 'ह्या हातानं', ते परत एकदा म्हणता का? तसंच."

नीलम्मानं त्याच्याकडं बघितलं. दारात शिवप्रसाद उभा होता. "म्हना की वैनी," तो हळूच म्हणाला, "लांबनं आल्यात पावणं."

ती म्हणाली. त्यानं पुन्हा एकदा म्हणायला लावलं, मागून मिक्सरचा आवाज आला होता म्हणून. तिनं पुन्हा म्हटलं.

त्या संध्याकाळी देव्हाऱ्यापुढं विभूती लावून ती डोळे मिटून बसली. रोज बसायची. रोज डोळे मिटले की गळ्याला टॉवेल बांधून कट्ट्यावर उभा असलेला चन्नू यायचा. त्या दिवशी डोळ्यांपुढं बाहुल्याचं खोकं आलं. तिनं डोळे उघडले, पुन्हा मिटले. गुळगुळीत तोंड, ओढलेली पापणी, खाली इंग्रजी अक्षरं. ती खूप वेळ धडपडली. त्याचा आवाज आठवेल म्हणून "अव्वा, मी उडालो" असं स्वतःशीच म्हणून बघितलं, तर कानात तिचाच आवाज आला, व्हिडिओतला.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली. मलकापूरला धाकटा भाऊ होता, त्याच्याकडं चार दिवस जाऊन येते म्हणाली. शिवप्रसाद गाडी देतो म्हणाला. ती नको म्हणाली. शांभवी स्टँडवर सोडायला आली. एस.टी. सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहून "लवकर ये गं, पुढच्या आठवड्यात टीव्हीवाले येणार हाईत" म्हणत राहिली. नीलम्मानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरीवर तिचा राग नव्हता. राग असता तर भांडायला तरी परत यायचं काही कारण उरलं असतं.

शेजारी बांबवड्याची एक बाई बसली होती. गाडी शहराबाहेर पडल्यावर ती सरकून बसली आणि बायका विचारतात तसं विचारू लागली. कुठलं गाव, कुणाकडं चाललाय, मालक काय करतात. मालक वारले, म्हटल्यावर तिनं चुकचुक केलं.

"आनि पोरंबाळं?"

बाईच्या मांडीवर मोबाईल होता. नीलम्मानं त्याच्याकडं बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. उसाच्या फडांमागून फड मागं जात होते.

"न्हाईत," ती म्हणाली. "झालीच न्हाईत."

"असू दे, असू दे," बाई म्हणाली. "देवाच्या मनात नसलं की न्हाय." आणि तिनं पिशवीतला पेरू काढून निम्मा मोडून नीलम्माच्या हातात दिला.