फिलोमेनाकाकूंचं कुरण

तीन वर्षं टिरोलच्या डोंगरातल्या हिंटरमोस गावाला हिवाळा नुसती हूल देऊन गेला होता. डिसेंबरात पाऊस, जानेवारीत चिखल, आणि उतारावर यंत्रानं फवारलेल्या बर्फाचा एक मळकट पट्टा. यंदा मात्र सगळं जुळून आलं. बर्फाआधीच थंडीनं जमीन कडक झाली. पहिला बर्फ ओलसर पडला आणि गवताला घट्ट धरून बसला. मग थंडी टिकली, वारा सुटला नाही, आणि पिठासारखा कोरडा बर्फ थरावर थर पडत राहिला. वर दिवसा लख्ख ऊन. स्कीइंग करणाऱ्याला आणखी काय हवं? टिरोलमधले म्हातारेही म्हणू लागले, असा हिवाळा मागून मिळत नाही.

उतार दाबून सपाट करायचं यंत्र वालबुर्गा चालवायची. गाव तिला बुर्गी म्हणे. नाताळाच्या ऐन गर्दीत, एका सकाळी उजाडताना ती यंत्र घेऊन खाली येत होती, आणि मधल्या कुरणापाशी तिनं कचकन ब्रेक दाबला.

उतार आडवा बंद केलेला होता! काठ्या रोवून दोर बांधलेला, दोराला लाल फडकी. पलीकडे ताज्या बर्फावर कोल्ह्याचं पाऊलसुद्धा नव्हतं.

कुरण व्हिन्झेन्स शेतकऱ्याचं. उन्हाळ्यात तिथलं गवत त्याच्या गाईंना, हिवाळ्यात वाट लिफ्टनं डोंगरावर जाऊन खाली घसरत येणाऱ्या स्कीवाल्यांना. तीस वर्षं तोंडी शब्दावर असंच चाललं होतं. बुर्गी तरातरा कुरणाच्या वरच्या टोकाच्या त्याच्या घरात शिरली. म्हातारा कॉफीत पाव बुडवत होता.

"काका, ते काय केलंत?"

"कुंपण."

"अहो, आत्ता लिफ्ट सुरू होईल! हजार माणसं येतील!"

"येऊ देत की. जंगलातली वाट आहे."

"तिथून दोन माणसं शेजारी मावत नाहीत!"

"मग एकामागून एक जातील. शिस्त लागेल."

"तीन वर्षांनी देवानं असा बर्फ दिला, आणि तुम्ही..."

"म्हणून तर. चिखल होता तेव्हा घातलं होतं का मी कुंपण?"

"ओरडू नकोस गं, गाई बिथरतात," आतून आवाज आला. आतल्या दारात व्हिन्झेन्सची बायको फिलोमेनाकाकू उभ्या होत्या. लोकरी टोपी, जुने बूट, हातात लाकडी स्की. ऐंशीला टेकलेली बाई. शरद ऋतूत कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून काठीशिवाय कुणी पाहिली नव्हती.

"मी लग्न होऊन आले तेव्हा ह्या कुरणावरून पहिली उतरायचे," त्या म्हणाल्या. "मग तुमची लिफ्ट आली. आता मी उठायच्या आत तुझा रणगाडा फिरून गेलेला असतो."

"काकू, कमरेचं ऑपरेशन झालंय तुमच्या!"

"कमरेचं झालंय, डोक्याचं नाही."

एव्हाना लिफ्ट सुरू होऊन बाहेर दोरापाशी गर्दी साचली होती. शिट्ट्या, हाकाटी. लिफ्टचा व्यवस्थापक हार्टविग लालबुंद होऊन धावत आला, पण काकूंनी तोवर स्की बांधून दोरापलीकडच्या उतारावर स्वतःला झोकून दिलं होतं.

शिट्ट्या थांबल्या. म्हातारी एक गुडघा वाकवत, जुन्या पद्धतीनं वळणं घेत निघाली; मांडीपर्यंत बर्फ उडत होता, आवाज म्हणून नव्हता. अन् अर्ध्या उतारावर तोल गेला. पांढरा लोट उठला, आणि काकू दिसेनाशा झाल्या.

बुर्गी किंचाळली. दोराखालून शिरणार, तोच व्हिन्झेन्सनं तिची बाही धरली.

"थांब. बर्फ मोडशील."

बायको पडलीय आणि हा माणूस बर्फ जपतोय! तेवढ्यात खालून सणसणीत शिवी ऐकू आली. मागोमाग टोपी वर आली, मग काकू. अंग झाडून त्या उरलेला उतार उतरून गेल्या.

"झालं ना मनासारखं?" हार्टविग कसाबसा म्हणाला. "आता दोर सोडा."

"सोडतो की," व्हिन्झेन्स गाठी आवळत म्हणाला. "बर्फ वितळला की लगेच."



तो अख्खा हिवाळा पाहुणे जंगलातून रांगेनं गेले. बेकरीत म्हातारा-म्हातारी शिरली की बोलणी बंद पडत. काकूंचं काही अडलं नाही. उघडीप असली की कुरणावर त्यांच्या स्कींची एकच रेघ उमटे.

फेब्रुवारीत एका सुट्टीच्या दिवशी बुर्गी स्की खांद्यावर टाकून त्यांच्या दाराशी गेली. आपण इथं का आलो, याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं.

"काकू, एकदाच उतरू का मी? तुमच्या रेघेला धक्का लावणार नाही."

फिलोमेनाकाकूंनी तिला निरखून पाहिलं. "तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं."

बुर्गीचा चेहरा फुलला. ती बुटाच्या पट्ट्या आवळायला खाली वाकली.

"विचारलंस, बरं केलंस," काकू म्हणाल्या. "पण नाही."

आणि दार लागलं.

बुर्गीनं हातातली सुटी पट्टी आवळली. मग सरळ झाली, आणि जंगलातल्या वाटेवर जाऊन पाहुण्यांच्या रांगेत शेवटी उभी राहिली.