टिल्लूपंपाचा निवाडा

आर्णीच्या कॉलेजात प्रियंका राज्यशास्त्र शिकवायची. माँटेस्क्यू नावाच्या फ्रेंच विचारवंतावर तिचा फार जीव. कायदा करणारा, राबवणारा आणि निवाडा देणारा एकच असला तर स्वातंत्र्य उरत नाही, हे तो पावणेतीनशे वर्षांपूर्वी सांगून गेला आणि आपल्या संविधानापर्यंत ते झिरपत आलं, असं ती दर वर्षी रंगून सांगायची.

ती आईसोबत राहायची त्या गावात पाणी समितीचे अध्यक्ष होते सदाशिवराव. नळाला टिल्लूपंप लावून पाणी ओढलं की जोडणी तोडायची, हा नियम त्यांचाच. एका सकाळी ते प्रियंकाच्या आईच्या, गंगीबाईच्या अंगणात शिरले, मोटारीचा आवाज ऐकला म्हणाले आणि तिथंच निकाल देऊन प्लंबरला हाक मारली. गंगीबाईनं लेकीची शपथ घेतली, पंप नाही म्हणून. दोन्ही घरांचं बांधावरून जुनं वैर. खोटं सदाशिवरावच बोलतात, याबद्दल प्रियंकाला शंकाच आली नाही. तिनं प्लंबरला परत पाठवलं आणि ग्रामसभेत उभी राहिली.

"काका, नियम तुम्हीच केला, पकडलं तुम्हीच, आता शिक्षाबी तुम्हीच देऊन राह्यले. निवाडा तिसऱ्यानं करावा."

सदाशिवरावांनी तिचं शिक्षण काढलं, मोडलेलं लग्न काढलं. मागून कोणी शिट्टी मारली. पण अध्यक्षांच्या मनमानीला, नळाचं पाणी जेमतेम पोचणारी शेवटची गल्ली विटली होती. तिथले हात वर झाले आणि निवाडा मैनाबाईंकडे गेला. अंगणवाडीतून निवृत्त झालेली, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली बाई.

मैनाबाई दुसऱ्या दिवशी आल्या, काही न विचारता न्हाणीत गेल्या आणि सरपणाचा ढीग बाजूला करायला लावला. खाली ओला पंप होता.

गंगीबाईची जोडणी तुटली. तिथून मैनाबाई थेट सदाशिवरावांच्या दारी गेल्या. त्यांनी फाटक उघडलं नाही. तपासू न देणाऱ्याचीही जोडणी तोडावी, असं मैनाबाईंनी लिहून दिलं, आणि सभेनं तेही पाळलं.

तेव्हापासून प्रियंका दिसली की सदाशिवराव रस्त्यात थुंकतात. आईचं त्याहून वाईट. हापशीवरून पाणी आणताना तिनं लेकीला भरल्या पितळी गुंडाला हात लावू दिला नाही.

"तो तं वैरीच होता," ती म्हणाली. "तू मले कायले परक्याच्या हाती देलं?"

"तू माही खोटी शपथ घेतली, माय."

संध्याकाळी गंगीबाईनं एकटीपुरत्याच भाकरी थापल्या.