नमुना अपुरा नव्हता

चार दिवसांची रजा संपवून मी लॅबमध्ये आले आणि आधी बरणीकडे पाहिलं. हाडाचा तुकडा अजून ॲसिडमध्येच होता.

हाड म्हणजे दगड. त्याचे पातळ काप निघावेत म्हणून ते पातळ केलेल्या नायट्रिक ॲसिडमध्ये ठेवतात. त्यातला चुना विरघळतो, हाड मऊ पडतं. पण चुना संपला म्हणून ॲसिड थांबत नाही, ते पेशींच्या मुळावर उठतं. म्हणून रोज सुई टोचून बघायचं आणि वेळेत बाहेर काढायचं. "उद्या सकाळी काढा," असं मी जाताना लॅबच्या साहेबांना दोनदा बजावलं होतं.

तरी काप काढले, रंगवले. सूक्ष्मदर्शकाखाली नुसता गुलाबी चिखल. प्रत्येक पेशीत केंद्रकाचा निळा ठिपका दिसायला हवा, तिथे औषधालाही एक नव्हता. बारा वर्षांच्या पोरीची मांडी उघडून काढलेला तुकडा होता तो.

"राहिलंच बघा," साहेब चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले. "लिहा, नमुना अपुरा."

"अपुरा? चांगला बोटाच्या पेराएवढा होता! आपण जाळला तो."

"आवाज खाली. वीस वर्षं झाली नोकरीला, एवढं कळत नाही?"

"कळतं म्हणूनच ओरडतेय. दोष सर्जनच्या माथी, आणि आपण हात झटकून मोकळे!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. रिपोर्टवर लिहिलं: ॲसिडमध्ये चार दिवस राहिल्याने नमुना नष्ट, चूक लॅबची. साहेबांनी सही केली नाही. मी माझी केली आणि कागद घेऊन बाहेर गेले.

पोरीचा बाप बाकावर बसला होता. वेल्डर माणूस, हातभर ठिणग्यांचे डाग. मी सगळं सांगितलं.

"तुमची पोर असती तर पडला असता असा विसर?"

तो तरातरा साहेबांच्या खोलीत शिरला. त्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. मी जागची हलले नाही.

पोरीला पुन्हा कापावं लागलं. या वेळी मी बरणी नजरेआड होऊ दिली नाही. निळे ठिपके उमटले, नको तितके, वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले. कर्करोगच होता. उपचार अकरा दिवस उशिरा सुरू झाले.

महिन्याभरात साहेबांनी मला रक्त तपासणीच्या खोलीत टाकलं. "झालं गेलं, बाई," ते म्हणाले, "आता राग सोडा."

"पोर बरी होऊ दे," मी म्हटलं, "मग बघू."