विम्याच्या धड्याची म्हण

ओमानमधल्या निझव्याच्या कॉलेजात झुवैना अर्थशास्त्र शिकवायची. पुस्तक इंग्रजी आणि मुलं घरीदारी अरबी बोलणारी, म्हणून प्रत्येक धडा ती एखाद्या म्हणीने उघडायची. बचत, जोखीम, नफा, कशावरही डोंगरातल्या गावांत कुणीतरी आधीच बोलून ठेवलेलं असे. फळ्यावर म्हण आणि खाली ती सांगणाऱ्याचं नाव. बहुतेकदा नाव एकच असे, शमसा. झुवैनाची आई. आदल्या दिवशी झुवैना विषय कळवायची आणि आई उत्तर बोलून पाठवायची.

आज विम्याचा धडा होता. आई जाऊन पाच आठवडे झाले होते.

विम्यावरचं उत्तरही फोनवर आलेलं होतं. त्या संध्याकाळी झुवैना दमली होती, सकाळी ऐकू म्हणाली. सकाळी भावाचा फोन आला. तेव्हापासून तो निरोप तसाच होता. तो ऐकला की आईचं नवं बोलणं संपणार होतं.

"बाई, आज फळा कोरा?" खलफानने विचारलं.

"आज म्हण नाही."

"मग परीक्षेत हा धडाही नाही ना?"

"गप रे," रय्या म्हणाली. मग हळूच, "आईंनी यावर काहीच दिलं नव्हतं का, बाई?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण आईकडे काही नव्हतं, असं सांगायला तिची जीभ रेटेना. तिने फोन टेबलावर ठेवला आणि निरोप लावला.

"झुवैना, विम्यावर आमच्याकडे काही नाही गं. ओढ्याच्या पुरात कुणाचं घर गेलं की सगळे जायचे, बांधून द्यायचे. आपलं दोनदा बांधलंय लोकांनी. त्यावर म्हण कोण करत बसतंय? पोरांना सांग, म्हातारी नापास झाली. आणि जेवलीस का?"

वर्ग हसला.

"पण बाई," खलफान म्हणाला, "हाच तर विमा झाला ना? एकाचं नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं?"

"हो," झुवैना म्हणाली. "हाच."

निरोप आला त्याच संध्याकाळी ऐकला असता, तर तिने लगेच फोन करून आईला हेच सांगितलं असतं. आणि आईने, मला माहीतच होतं, असं म्हणत तिला पुढे बोलू दिलं नसतं.