धुतलेले पाय

गोजराबाईंनी वजरी टाचेवर इतक्या जोरात ओढली की कातडीवर लालसर ओळ उमटली. त्यांनी वरून पाणी ओतलं, चुरचुरलं, तरी दुसऱ्या टाचेवरही वजरी तितक्याच जोरात फिरवली. आठवडाभर हेच चाललं होतं. रात्री खोबरेल तेल, सकाळी वजरी. उभा जन्म दवाखान्याच्या वॉर्डात उभ्याने काढलेले ते पाय, सहजासहजी थोडेच मऊ होणार होते! पण आज ते पाळकांच्या हातात जायचे होते, आणि गोजरा सिस्टरचे पाय बघून कुणी नाक मुरडावं हे त्यांना मुळीच खपलं नसतं.

दुःखसहन सप्ताहातला, ईस्टरच्या आधीचा गुरुवार होता. त्यांच्या देवळात या संध्याकाळी वेदीपुढे बारा खुर्च्या मांडत आणि पाळक जमिनीवर बसून बारा जणांचे पाय धूत. प्रभू येशूने शिष्यांचे धुतले होते, म्हणून. हे बारा जण कोण, ते मंडळीचे पंच ठरवत. सांगायला तो नम्रतेचा धडा होता, पण तो मान आहे हे अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं. म्हणून तर सगळे घरून पाय धुऊन येत! साबण लावून, नखं कापून, कुणी पांढरे मोजे चढवून. सावळीरामकाका तर देवळाला लागून राहायचे, तरी त्या दिवशी धूळ लागू नये म्हणून रिक्षा करायचे. पाळक बिचारे धुतलेले पाय पुन्हा धूत. यात काही चुकतंय असं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं, गोजराबाईंच्या तर नाहीच.

आजवर खुर्च्यांवर पुरुषच बसत. गोजराबाईंकडे पितळी घंगाळ असे. ते चिंचेने लख्ख घासायचं, कोमट पाण्याने भरायचं आणि बाजूला उभं राहायचं, हे त्या वर्षानुवर्षं करत आल्या होत्या. यंदा नगरकडून आलेल्या त्रिभुवन पाळकांनी दोन गोष्टी बदलल्या. बायकाही बसतील, ही एक. आणि ज्याचे पाय धुऊन झाले त्याने पुढच्याचे पाय पुसायचे, ही दुसरी. पहिली गोजराबाईंना मनापासून आवडली होती. दुसरी त्यांनी चालवून घेतली होती.

पांढरी साडी नेसून, इंदिरानगरहून रिक्षा करून त्या देवळात पोचल्या तेव्हा महिला मंडळाची संजना खुर्च्यांवर टॉवेल ठेवत होती.

"सलाम, मावशी. तुमची बारावी हं, शेवटची."

"सलाम. आणि माझ्या अलीकडे कोण?"

संजनाने उगाचच एका टॉवेलाची घडी मोडली, पुन्हा घातली.

"सावळीरामकाका होते. पण दुपारी त्यांची शुगर वाढली, ॲडमिट केलंय. म्हणून साहेबांनी त्यांच्या जागी... केरूमामांना सांगितलंय."

गोजराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

केरू त्यांचा धाकटा, सख्खा भाऊ. सायखेड्याला वडील वारले तेव्हा तो शाळेत होता. गोजराबाईंनी नर्सिंग केलं, त्याला शिकवायला घेतलं, तर तो नामपूरच्या बाजारातून कांद्याच्या गाड्या घेऊन पार दिल्लीकडे निघून गेला. गाडी, दारू आणि पत्ता नाही. आईला, बयाबाईंना, अर्धांगवायू झाला. एक स्थळ आलं होतं गोजराबाईंना, चांगलं होतं, पण आईला कुठे टाकणार? स्थळ गेलं, वय गेलं. आणि रोज दिवेलागणीला आई विचारायची, "केरू आला का गं?" गोजरा जेवली का, हे कधी नाही विचारलं. आई गेली तेव्हा निरोप धाडला, निरोप पोचल्याचंही कळलं, आणि केरू मातीला आला नाही.

आला तो गेल्या नाताळाच्या आधी. लिव्हर खराब करून, काठीसारखा वाळून. देवळाच्या शेवटच्या बाकावर बसला आणि भर उपासनेत हमसाहमशी रडला. मंडळी पाघळली! त्रिभुवन साहेबांनी त्याला आवारातली मागची खोली दिली, बायका डबे पोचवू लागल्या. सकाळ-संध्याकाळ आवारातल्या झाडांना पाणी घालायचं, एवढंच त्याच्याकडे काम. चार महिन्यांत गोजराबाई त्याच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

त्या तडक पाळकांच्या खोलीत गेल्या. त्रिभुवन साहेब झगा चढवत होते.

"साहेब, माझं नाव काढा."

"का, मावशी?"

"त्या माणसाशेजारी मी बसणार नाही. आणि तो माझे पाय पुसणार? तो?"

"मावशी, त्यांनी खरोखर पश्चात्ताप केलाय."

"त्याला काय लागतं? रडलं की झाला. मी एक रविवार चुकवला नाही, साहेब. एक उपवास मोडला नाही. कुणाकडे आजारपण असो, मौत असो, पहिली मी जाते. त्याने काय केलं ते एक सांगा मला. एकच."

"काही नाही केलं," त्रिभुवन साहेब हळूच म्हणाले. "पण मावशी, कृपा म्हणजे तरी..."

"मला शिकवू नका. तुम्ही पाळण्यात होतात तेव्हा मी संडे स्कूलला हेच शिकवत होते. कर्मांनी तारण होत नाही, देवाच्या कृपेने होतं. पोरांकडून घोकून घेतलंय मी." त्यांचा आवाज चढला. बाहेर हार्मोनियम थांबली, पण त्यांना पर्वा नव्हती. "माझ्या आईच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. मूठ जाईल एवढ्या. त्या कृपेने नाही धुतल्या कुणी, मी धुतल्या. तिचं हागणंमुतणं मी काढलं. ते सगळं कर्म, आणि कर्माला तुमच्याकडे किंमत नाही. मग नको होतं करायला? सांगा ना मला. नको होतं करायला?"

त्रिभुवन साहेब झगा तसाच सोडून त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

"मला नाही सांगता येत, मावशी," ते म्हणाले. "पण तुमच्या जागी मी दुसऱ्या कुणाला बसवणार नाही. खुर्ची तुमचीच राहील."

याचा गोजराबाईंना जास्त राग आला. साहेबांनी वाद घातला असता तर त्यांना वादात हरवून सरळ घरी जाता आलं असतं. आता मंडळीसमोर रिकामी खुर्ची ठेवून जायचं म्हणजे केरूसाठी मैदान मोकळं करून दिल्यासारखं. जायचं तर त्याने जावं, आपण का म्हणून? त्या बाहेर आल्या, चपला दाराशी काढल्या आणि बाराव्या खुर्चीवर ताठ बसल्या.

अकरावी रिकामीच होती. पहिलं भजन झालं, शास्त्रपाठ झाला, उपदेश अर्ध्यावर आला तेव्हा केरू बाजूच्या दाराने आत शिरला. अनवाणी. झाडांना पाणी घालून थेट तसाच. घोट्यापर्यंत चिखल, फरशीवर पावलं उमटवत तो आला आणि बहिणीशेजारी अवघडून टेकला. मागच्या बाकावरून एका पंचांनी दबक्या आवाजात झापलं, "अहो, पाय तरी धुऊन यायचे!"

केरूने मान वळवली. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"धुवायलाच बोलवलंय ना? मंग धुऊन कशापायी येऊ?"

दोन-चार जण हसले. त्रिभुवन साहेबांनी उपदेश तिथेच आटोपता घेतला. गोजराबाईंनी डोळे मिटून घेतले. हा जन्मभर असाच. हाताने काही करायचं नाही, आयतं यायचं, आयतं बसायचं, आणि वर लोकांना हसवायचं.

पाय धुणं सुरू झालं. संजना हार्मोनियमवर बसली, मंडळी भजन गाऊ लागली. साहेब घंगाळ सरकवत एकेका खुर्चीपुढे येत, तांब्याने पाणी ओतत, हात फिरवत, आणि आधीचा माणूस वाकून टॉवेलाने पाय पुसत असे. दहा जणांचे पाय धुऊन झाले तरी घंगाळाचा तळ स्वच्छ दिसत होता. पाणी बदलायची वेळ या देवळात कधी आलीच नव्हती, म्हणून ते काम कुणाला नेमून दिलेलं नव्हतं.

केरूचे पाय पाण्यात गेले आणि पाणी गढूळ झालं. साहेबांनी चोळचोळून धुतले. बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, भेगांतून माती सुटत राहिली. दहाव्या खुर्चीवरच्या माणसाने ते पुसले. मग साहेबांनी घंगाळाकडे पाहिलं, गोजराबाईंच्या पायांकडे पाहिलं, आणि इकडेतिकडे बघू लागले. कुणी उठेना.

गोजराबाई उठल्या. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय! घंगाळ दोन्ही हातांनी उचलून त्या बाजूच्या दाराने आवारात गेल्या. म्हणजे आजसुद्धा मीच. त्याची घाण, आणि काढायची मी! सीताफळाच्या आळ्यात त्यांनी ते पाणी असं काही भिरकावलं की निम्मं उडून त्यांच्याच अंगावर आलं. साडीचे काठ भिजले, आणि आठवडाभर घासलेली पावलं चिखलाने माखली.

शेजारीच नळ होता. त्यांनी घंगाळ विसळलं, स्वच्छ पाणी भरून घेतलं, आणि पाय धारेखाली धरायला उजवं पाऊल उचललं. मग खाली ठेवलं.

नाही धुणार. बघू देत सगळ्यांना. त्याच्यापायी काय काय अंगावर आलं, ते एकदा दिसू दे मंडळीला.

त्यांनी नळ करकचून बंद केला. आत येताना त्या बाजूच्या दाराऐवजी मुद्दाम पुढच्या दारातून, मधल्या वाटेने आल्या, पाऊल दाबून. पण भजन चालू होतं, कुणाच्या माना पुस्तकात, कुणाचे डोळे मिटलेले. चिखल कुणी पाहिला असेल तर पाहून सोडून दिला. साहेबांनीही एक अक्षर विचारलं नाही. घंगाळ घेतलं, त्यांचे पाय आत ठेवले आणि केरूचे धुतले तसेच धुतले. पुन्हा पाणी गढूळ झालं. गोजराबाईंच्या जिभेवर आलं होतं, हा चिखल माझा नाही. पण ते सांगणार तरी कुणाला?

साहेब बाजूला सरकले. केरू टॉवेल घेऊन खाली बसला. बसताना त्याला खुर्चीचा पाय धरावा लागला. त्याने बहिणीचं डावं पाऊल पाण्यातून उचलून मांडीवर घेतलं. गोजराबाईंचं सगळं अंग ताठलं. शेकड्यांनी माणसं पुसली होती त्यांनी, जिवंत आणि मेलेली. स्वतःचं अंग कुणी पुसल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

केरूने टॉवेल टाचेवर टेकवला आणि थांबला.

"आक्का, टाच सोलली की गं. रक्त आलंय."

"वजरीने," त्या दातांतून म्हणाल्या.

"एवढं कशाला घासलंस?"

केरू टॉवेल न घासता नुसता टिपत राहिला, थोडं थोडं, सोललेली जागा टाळून. भजनाचं शेवटचं कडवं सुरू झालं होतं.

"मातीला आला नाहीस," गोजराबाई म्हणाल्या. त्याच्याशी त्या इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच आपणहून बोलत होत्या.

केरूने वर पाहिलं. काही सबब सांगेल, रडेल, असं त्यांना वाटलं. त्या वाटच बघत होत्या, म्हणजे तिथल्या तिथे पाय ओढून घेता आला असता.

"नाय आलो, आक्का," तो म्हणाला. एवढंच.

मग त्याने पुसलेलं पाऊल हलकेच फरशीवर ठेवलं, टॉवेलाची कोरडी बाजू वर केली आणि तो मांडीवर पसरून बसला. दुसरा पाय अजून घंगाळात होता. तो उचलायला केरूने हात घातला नाही. नुसता थांबला. भजन संपलं. त्रिभुवन साहेब खाली मान घालून उभे होते.

गोजराबाईंचा राग होता तिथेच होता, तसूभर हलला नव्हता. त्यांनी पाय पाण्याबाहेर काढला. पाणी टपटपत राहिलं तोवर तो तसाच अधांतरी धरला. मग भावाच्या मांडीवर ठेवला.

"नीट पूस," त्या वॉर्डातल्या पोरींना दटावायच्या त्याच आवाजात म्हणाल्या. "बोटांच्या मधे ओलं राहतं."